पाणी वाढलं आणि पिवळी टाचणी गेली: एका पाझर तलावाचं प्रकरण

बालाघाटाच्या उतारावर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दीजवळचा हा पाझर तलाव. गावाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, आणि मापं या भागातल्या अशा तलावांत नेहमी आढळतात तशी धरली आहेत. पाणी पसरतं दीडेक हेक्टरवर. एका बाजूला दगडी पिचिंग केलेला (दगडांचा थर लावलेला) भराव, भरावाच्या टोकाला सांडवा, समोरून नाला येतो तो शेपटाचा भाग, आणि उरलेल्या दोन बाजूंना गायरान. गाळ भरून भरून खोली अडीच मीटरवर आलेली. होळीच्या आसपास तलावाचं डबकं व्हायचं आणि चैत्रात तळाला भेगा पडायच्या.

२०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि मराठवाड्यात असे शेकडो तलाव उपसले गेले. गाळ शेतकऱ्यानं आपल्या वाहतूक खर्चानं न्यायचा, हलक्या रानावर पसरायचा. या गावानंही तेच केलं. दोन उन्हाळे पोकलेन चालला, ट्रॅक्टर आणि हायवा फिरले, खोली साडेचार मीटरपर्यंत गेली. पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला, खालच्या विहिरींना पाझर वाढला, आणि पाणी चैत्र ओलांडून टिकलं. ज्यासाठी गाळ काढला ते साधलं, यात वाद नाही.

तक्रार निघाली ती वेगळीच. तलावावर म्हशी घालणाऱ्यांना काठाच्या गवतात पायापायांत उडणाऱ्या पिवळ्या काड्यांची सवय होती. पाणी दुप्पट झालं आणि त्या काड्या दिसेनाशा झाल्या. आकाशात चतुर घिरट्या घालत होते, काठावर मात्र काही नाही.

कोणती टाचणी?

या काड्या म्हणजे पिवळी टाचणी, चतुराच्या नात्यातला सडपातळ कीटक, शास्त्रीय नाव सेरियाग्रियॉन कोरोमंडेलियानम. फॅब्रिसियसनं १७९८ मध्ये तिचं वर्णन केलं. भारतभर सापडते, दुर्मीळ अजिबात नाही, धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत तिचं नाव नाही. म्हणूनच हे प्रकरण बघण्यासारखं आहे: जी जात कुठल्याही गवताळ डबक्यात निघते, ती भरल्या तलावावर का नसावी?

नराचं पोट हळदीसारखं पिवळं, त्यावर एकही काळा पट्टा नाही. छाती आणि डोळे हिरवट. मादी मळकट, सोनेरी-तपकिरी. पोटाची लांबी साधारण ३ सेंटीमीटर. बसली की पंख मिटून पोटालगत ठेवते. चतुर पंख आडवे पसरून बसतो, एवढ्या फरकावर लांबूनही दोघांत गल्लत होत नाही. गल्लत होते ती दुसऱ्याच एका टाचणीशी. इश्नुरा रुबिलिओ या बुटक्या टाचणीचा नरही पिवळा असतो, पण त्याच्या शेपटीच्या टोकाला निळा ठिपका असतो आणि तो निम्म्याच आकाराचा दिसतो. मोबाइलवर काढलेल्या फोटोंत हे टोक बहुधा कापलं जातं आणि मग नोंद चुकते. फोटो वरून न काढता बाजूनं, शेपटीच्या टोकासह काढावा.

आता तिचं जगणं जिथं अडतं ती जागा. मादी अंडी पाण्यात टाकत नाही. पोटाच्या टोकाला असलेल्या पात्यानं ती पाणवनस्पतीच्या पानाला किंवा देठाला चीर पाडते आणि एकेका चिरेत एकेक अंडं सरकवते. हे चालू असताना नर तिला सोडत नाही. तिच्या मानेला शेपटीनं धरून तो सरळ उभा राहतो, पाय अंगाशी घेऊन, कशाचाही आधार न घेता, गादीत खोचलेल्या टाचणीसारखा. कुमुदाच्या एका पानावर अशा चार-पाच उभ्या पिवळ्या टाचण्या एका वेळी दिसू शकतात. नंतर तेच पान उचलून उन्हाकडे धरलं, तर देठाच्या बाजूला बारीक ठिपक्यांच्या रांगा दिसतात. ताज्या फिकट, जुन्या तपकिरी.

म्हणजे मऊ वनस्पती नसेल तर अंडं नाही. दूरदूर भटकणारा चतुर, पँटाला फ्लेवेसेन्स, याचं तसं नाही. तो उडता उडता पाण्यावर शेपूट टेकवून अंडी सोडतो, त्यामुळे प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यातसुद्धा त्याची पिल्लावळ निघते. वर आकाशात चतुर आणि काठावर शुकशुकाट, हे कोडं इथंच अर्धं सुटतं.

संशयित तीन

गावात तीन कारणं सांगितली जात होती. वरच्या सोयाबीन-कापसावरची फवारणी, डासांसाठी सोडलेले गप्पी मासे, आणि गाळ काढताना बदललेला काठ. तिन्ही शक्य होती. अंदाजावर भांडण्यापेक्षा तपासणं सोपं होतं, कारण सामान घरातलंच लागतं: लांब दांडीला बांधलेली पिठाची चाळणी, पांढरा प्लास्टिकचा टब, पन्नास मीटर दोरी, खुणा केलेली काठी आणि गवंड्याची पाणपातळीची पारदर्शक नळी.

मोजणी अशी: काठालगत ५० मीटर दोरी टाकायची, पाण्याकडे दोन मीटर आणि जमिनीकडे दोन मीटर एवढ्याच पट्ट्यात दिसेल ते मोजायचं. वेळ सकाळी साडेदहा ते एक, ऊन असताना, वारा नसताना. ढगाळ दिवशी टाचण्या गवतात दडून बसतात आणि आकडा फसवा येतो. नर, मादी, जोडी आणि कोवळी, असे चार रकाने वेगळे. कोवळी म्हणजे नुकती कात टाकलेली: रंग फिका, पंख ओलसर चकाकते, उडताना अडखळते. एकटा नर दुसऱ्या पाण्यावरून भटकत आलेला असू शकतो. कोवळी मात्र त्याच पाण्यातून निघालेली असते. देठावर चिकटलेली रिकामी कात तर त्याहून पक्का पुरावा. नुसती नरांची संख्या मोजून ‘टाचण्या आहेत की’ म्हणणारे इथंच चुकतात.

अळी शोधायची तर चाळणी उघड्या पाण्यात फिरवून उपयोग नाही. पाणवनस्पतीच्या मुळाशी घालून झटका देऊन वर काढायची, टबातल्या दोन बोटं पाण्यात उलटी करायची आणि मिनिटभर स्वस्थ बसायचं. गाळ खाली बसला की हालचाल दिसते. टाचणीची अळी सडपातळ, शेपटीला पानासारखे तीन पातळ कल्ले, अंग डावी-उजवीकडे वळवत पोहते. एखादा कल्ला तुटलेला असणं नेहमीचं. चतुराची अळी जाड, बिनपानाची, मागून पाण्याची पिचकारी मारत पुढं सरकते.

दसऱ्यानंतर तीन वेळा मोजणी झाली. भरावाच्या पिचिंगवर काही नाही, अपेक्षितच. गायरानाच्या दोन्ही काठांवर इश्नुरा सेनेगलेन्सिस, म्हणजे शेपटीला निळं टोक असलेली काटक टाचणी, तीही तुरळक. पिवळ्यांचे एखाद-दुसरे नर, जोडी नाही, कोवळी नाही.

फवारणीचा संशय इथं कमी झाला. विष तलावभर पसरलं असतं तर पाणनिवळ्या, पाणविंचू, चतुराच्या अळ्या, सगळ्यांवरच कमी-जास्त परिणाम दिसला असता. त्या भरपूर होत्या. फवारणी निर्दोष सुटली असं नव्हे. त्याकडे पुढं येऊ.

गप्प्यांचा संशय मात्र टिकत होता, आणि तो सुटला तो एका विचित्र जागी. ट्रॅक्टर आणि हायवा तळापर्यंत उतरवायला पोकलेननं शेपटाजवळ एक रपटा, म्हणजे उतरता रस्ता, काढला होता, पाचेक मीटर रुंद. काम संपलं, रपटा तसाच पाण्याखाली राहिला. त्याच्या कडेला थोडं हायड्रिला, ही पाण्याखाली वाढणारी वनस्पती, उगवलं होतं. त्या हायड्रिलात चाळणी घातली तर टाचणीच्या अळ्या निघाल्या, वर पिवळ्यांच्या जोड्या बसलेल्या, आणि त्याच चाळणीत गप्पीही वळवळत होते. मासे तेच, पाणी तेच. फरक एकच, उतार.

उताराचा हिशेब

पिवळ्या टाचणीला लागतो तो साधारण १० ते ६० सेंटीमीटर खोलीचा, वनस्पती असलेला पट्टा. त्याहून उथळ पाणी दुपारी तापतं आणि लवकर आटतं. त्याहून खोल जागी काठावरची झुडपी वनस्पती मूळ धरत नाही, आणि माशांना मोकळं रान मिळतं.

पोकलेननं कापलेला काठ पाणपातळीच्या नळीनं मोजला तर जवळजवळ एकास एक निघाला, म्हणजे एक मीटर आत गेलं की एक मीटर खोल. अशा काठावर १० ते ६० सेंटीमीटरचा पट्टा फक्त अर्धा मीटर रुंद. रपट्याचा उतार एकास दहाच्या जवळ, कारण भरलेला ट्रॅक्टर त्याहून उभ्या चढावर सहज चढत नाही. तिथं हाच पट्टा पाच मीटर रुंद. जुन्या, न उपसलेल्या तलावाचा शेपटाकडचा भाग असाच सपाट होता. गाळ म्हणून तोच आधी उचलला गेला, कारण तो आधी कोरडा पडतो आणि तिथं गाडी सहज जाते. टाचण्यांच्या दृष्टीनं तलावाचा सगळ्यात कामाचा भाग पहिल्याच आठवड्यात शेतात जाऊन पडला.

गप्पीची भूमिका एवढीच उरते: वनस्पतीचा आडोसा असला तर अळ्या वाचतात, उघड्या काठावर गप्पी त्यांना शिल्लक ठेवत नाही. इथं डासांबद्दल एक खुलासा. टाचणीची अळी डासाच्या अळ्या खाते हे खरं, पण डेंग्यूचा डास तलावात वाढत नाही. तो रांजणात, टायरात आणि कूलरच्या टाकीत वाढतो. टाचणी परत आणली की डेंग्यू जाईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नये.

पहिली दुरुस्ती, आणि ती का फसली

सुचलेला उपाय सरळ होता: गायरानाच्या बाजूला ३० मीटर लांबीत काठ चपटा करायचा. भरावाला हात लावायचा नाही, हे पहिलं आणि न बदलणारं. भरावाच्या पायथ्याशी खोदलं तर पाझर वाढून भराव धोक्यात येतो. सांडव्याच्या तोंडाशीही भर घालायची नाही.

दीड मीटर उंचीचा एकास एक काठ एकास आठ करायचा तर माती बाहेरून आणायची गरज पडत नाही. काठाची मधली रेघ धरून वरचं कापायचं आणि खाली पसरायचं. दर मीटर लांबीला सुमारे दोन घनमीटर, ३० मीटरला ६० घनमीटरच्या आसपास, म्हणजे २१ ब्रास. जेसीबीचं एका दिवसाचं काम. फक्त कापणी जुन्या काठापासून सव्वापाच मीटर मागं सरकते, तेव्हा मागं कुणाचं रान नाही ना हे आधी बघावं लागतं. इथं गायरान होतं म्हणून निभावलं.

काम वैशाखात झालं. आषाढात लव्हाळ्याचे आणि कुमुदाचे गड्डे लावले. पाऊस पडला, तलाव भरला, भाद्रपदात काठ हिरवा दिसला. आश्विनात पिवळ्यांच्या जोड्या आल्या. त्या कुठून आणल्या नव्हत्या, आणायच्याही नसतात. खालच्या नाल्यावर, दीडेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरी बंधाऱ्यात त्या होत्याच. पौषाच्या शेवटी सगळा पट्टा कोरडा. लव्हाळा उभा, पाणी त्याच्या खाली सरकलेलं, आणि तिथं पुन्हा तोच उभा काठ.

चूक हिशेबात होती. हा पाझर तलाव आहे, बांधलाच पाणी मुरवायला. पाझर आणि बाष्पीभवन मिळून दिवाळीपासून होळीपर्यंत पातळी दोन-अडीच मीटर सहज उतरते. वैशाखात तर दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं. एका पातळीला धरून केलेला दीड मीटरचा उतार अर्धा हंगामच पाण्यात राहतो. अंडं ते पंख याला दोन-तीन महिने धरले, तर आश्विनात घातलेल्या अंड्यांतली काही पिढी निघाली असेल. मार्गशीर्षातली बहुतेक वाळली. कोकणातल्या किंवा कालव्याच्या पाण्यावरच्या तलावासाठी हाच काठ पुरला असता. मराठवाड्यात पाण्याची रेघ चालती असते, काठही तिच्याबरोबर खाली चालत गेला पाहिजे.

आणखी दोन गोष्टी बिघडल्या. खाली पसरलेली काळी माती न दाबता टाकली होती. पहिल्या मोठ्या पावसात तिचा एक भाग घसरून खोल पाण्यात गेला. अशी भर २० ते २५ सेंटीमीटरच्या थरांत टाकून जेसीबीच्या चाकानं दाबावी, आणि वर १५ सेंटीमीटर मुरूम अंथरावा. काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की वाहते. मुरूम तिला धरून ठेवतो, आणि मुळंही त्यात शिरतात. दुसरं, लव्हाळ्याच्या गड्ड्यांबरोबर पाणकणसाचे कोंब आले. पाणकणीस दोन वर्षांत अख्खा काठ गिळतं आणि मध्ये एक हात मोकळं पाणी ठेवत नाही. ते कोवळं असताना पाण्याखाली कापून काढलं, तेव्हा आटोक्यात आलं. बेशरमीचं एक खोड दिसलं तेही मुळासकट उपटावं लागलं. तिचा तुकडा ओल्यात पडला तरी रुजतो.

दुसरी दुरुस्ती: रपटा

उत्तर आधीच तलावात पडलेलं होतं. रपटा वरपासून तळापर्यंत जातो, त्यामुळे पातळी कुठंही असो, रपट्यावर उथळ पट्टा असतोच. अडचण दोन होत्या: रुंदी फक्त पाच मीटर, आणि टायरांनी तो इतका दाबलेला की सब्बल उसळावी. मूळ धरणार कुठं?

पुढच्या उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर रपट्याची एक बाजू छाटून ती माती कडेला पसरली आणि रुंदी बारा मीटर केली. मग जेसीबीच्या बकेटचे दात रपट्यावर आडवे, उताराला काटकोनात ओढले, २० सेंटीमीटर खोल. उभे ओढले असते तर पावसाचं पाणी त्याच चरांतून माती घेऊन खाली गेलं असतं.

लागवड पातळीनुसार केली. वरच्या दोन मीटरांत लव्हाळा आणि इतर मऊ देठाची गवतं, मधल्या भागात कुमुद, खाली हायड्रिला. हायड्रिला खोल पाण्यातही तग धरतं, आणि पातळी उतरली की आपोआप पृष्ठभागाला टेकतं. माघ-फाल्गुनात टाचणी ज्यावर अंडी घालते ते हेच. गड्डे २० सेंटीमीटर चौरस, अर्ध्या मीटरवर एक, पण पट्टा पूर्ण भरला नाही. निम्मी जागा मोकळी ठेवली, कारण टाचणीला बसायला देठ आणि देठांमध्ये उडायला जागा दोन्ही लागतं. १०० चौरस मीटरला साधारण २०० गड्डे पुरतात. ते शेजारच्या नाल्यातून घेतले आणि मुळं दोन पाण्यांत धुतली. न धुता लावले तर जलपर्णीचा एक कोंब आला तरी पुढची पाच वर्षं निस्तरण्यात जातात.

जनावरांचा प्रश्न सगळ्यात नाजूक होता. म्हशींना पाणी प्यायला उतार लागतोच आणि त्यांनाही रपटाच सोपा. कुंपण घालून तलाव बंद केला असता तर आठ दिवसांत कुंपण मोडलं असतं, आणि ते रास्तच होतं. म्हणून तीन मीटरची एक बाजू म्हशींना मोकळी ठेवली, बाकीच्या भागाला पहिले दोन महिने बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या. मूळ धरल्यावर फांद्या काढल्या. थोडं तुडवणं चांगलंच. त्यानं पाणकणीस दबून राहतं.

फवारणीचं आता. वरून वाहून येणाऱ्या औषधापेक्षा वाईट गोष्ट रपट्यावरच चालत होती. पंप आणि टाक्या तिथंच धुतल्या जायच्या, कारण पाण्यापर्यंत गाडी जाते ती एकच जागा. टाकीतलं उरलेलं औषध त्या उथळ पट्ट्यात, जिथं पाणी कमी आणि अळ्या सगळ्यात जास्त. त्यावर उपाय म्हणून तलावापासून ५० मीटर वर दोनशे लिटरचं एक पिंप भरून ठेवलं. पंप तिथं धुवायचा आणि धुवण आपल्याच रानात शिंपडायचं. नुसता फलक लावून हे थांबलं नसतं. पाणी हाताशी मिळालं म्हणून थांबलं.

या दुरुस्तीनंतर रपट्यावर कोवळ्या टाचण्या आणि काता कार्तिकातही मिळाल्या आणि फाल्गुनातही, पाणी अडीच मीटर उतरल्यावर. गायरानाकडचा चपटा काठ वाया गेला नाही. पावसाळ्यात तिथं जोड्या असतात, पौषानंतर त्या रपट्याकडे सरकतात. उरलेल्या काठांवर परिस्थिती पहिल्यासारखीच.

उघडी राहिलेली दोन टोकं

मासेमारीचा ठेका दरवर्षी जातो. कटला, रोहू, मृगळ यांनी टाचण्यांचं फार बिघडत नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि हायड्रिलाची मुळं सैल करतो. गवत्या मासा तर पाणवनस्पतीच खातो. त्याचं बीज सोडलं की वरची सगळी लागवड एका हंगामात साफ. ठेक्याच्या अटींत गवत्या नको, एवढी एक ओळ घालायला ग्रामसभेत विरोध झाला नाही, पण बीज आणणाऱ्याच्या पिशवीत मिश्र बोटुकली (माशांची बोटभर पिल्लं) येतात. ती सोडण्याआधी टबात ओतून बघावी लागतात.

दुसरं, रपटा हा गाळ काढायचा रस्ताही आहे. पाच-सात वर्षांनी तलाव पुन्हा उपसायचा झाला की पहिलं चाक त्याच हायड्रिलावरून जाणार. म्हणून समोरच्या गायरानाकडून दुसरा रपटा आखून ठेवला आहे, एकास दहा उताराचा, आणि जुन्याच्या दोन्ही कडांना दगड रोवून चुना मारला आहे. पोकलेनवाल्याला नकाशा दाखवून उपयोग नसतो. त्याला पांढरा दगड दिसतो.